न दिलेली ओ

१

गाडी बंद पडली तरी गाडी सोडायची नाही. माझा नवरा नेव्हिल हे वीस वर्षं लोकांना सांगत आला. काल्गुर्लीच्या शाळांमधून, पर्यटकांच्या तळावर, एकदा तर भाचीच्या लग्नात तिच्या जर्मन सासऱ्याला कोपऱ्यात गाठून. ‘विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. गाडीला सावली असते, गाडीत पाणी असतं. गाडीपाशी बसून राहील तो सापडेल. चालायला लागेल त्याला आम्ही पिशवीत घालून आणू.’ तो शोधपथकात होता. त्याने माणसं खरोखरच पिशवीत घालून आणली होती.

आणि गेल्या नोव्हेंबरात, आमच्याकडच्या उन्हाळ्यात, याच माणसाने हॅलोरन्स रिवॉर्ड या ओसाड खाणगावाच्या रस्त्यावर आपली पिकअप उभी केली, मागे वीस लिटर पाणी तसंच ठेवलं, आणि उन्हात चालत जाऊन सहा किलोमीटरवर मेला.

मला दुःख झालं असेल असं लोक धरून चालतात. मला राग आला. 

मार्चमध्ये पोलिसांचं पत्र आलं. चौकशी संपली आहे, गाडी जागेवरच आहे, नातेवाइकांनी घेऊन जावी. सोबत अहवालाची प्रत होती. त्यात एक वाक्य होतं : ‘मृताने सुस्थितीतील वाहन व पुरेसे पाणी स्वेच्छेने सोडले.’ स्वेच्छेने. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, शब्द जपून वापरा असं मुलांना सांगते. त्या शब्दाखाली मी पेन्सिलीने इतक्या जोरात रेघ ओढली की कागद फाटला. शेजारपाजारच्या बायका जे कुजबुजत होत्या, तेच कोणीतरी टाइप करून, शिक्का मारून मला पाठवलं होतं. तीस वर्षं एका घरात राहून हा माणूस मला एक चिठ्ठी न लिहिता, मरायचं ठरवून निघून गेला.

गाडी आणायला नेव्हिलचा थोरला भाऊ क्लेम माझ्याबरोबर यायला निघाला. त्याच्या जीपमधून जायचं, नवी बॅटरी न्यायची, येताना त्याने जीप आणि मी पिकअप चालवायची. डांबरी रस्ता संपतो तिथल्या पंपावर आम्ही सकाळी दहाला थांबलो. तिथून पुढे जाणाऱ्याने खानावळीतल्या फळ्यावर नाव लिहायचं असतं. कुठे जाणार, कधी परतणार. परतलं की पुसायचं.

“कुठं?” यव्हॉनने खडू उचलला. ती पंधरा वर्षं हा पंप चालवते.

“हॅलोरन्स,” मी म्हणाले.

खडू थोडा थांबला. मग तिने लिहिलं. “परत कधी?”

“तीन,” क्लेम म्हणाला.

“म्हणजे चार. तुला बर्गर चावायलाच तास लागतो.”

“तू त्यात बीट घालतेस की बूट? ते आधी सांग.”

“दात शिल्लक असते तर कळलं असतं.” तिने तीनचे चार केले. “एक मिनिट उशीर झाला की पोलिसांना फोन. आणि नुसते गप्पा हाणत बसला होतात असं कळलं ना, तर तुम्हाला शोधून काढून मीच मारीन.”

क्लेम तोंड धुवायला गेला तसा तिचा आवाज उतरला. “नोव्हेंबरात त्याचंही नाव मीच लिहिलं होतं गं. जुन्या खाणींत थोडं सोनं हुडकतो, तीनला येतो म्हणाला. वर म्हणाला, लॉरेलने मटण भाजायला काढलंय, उशीर केला तर कुत्र्याला घालेल. असं बोलून निघालेला माणूस, लॉरेल...”

“असं बोलूनच निघाला,” मी म्हणाले. “मटण मी कुत्र्यालाच घातलं. दोन बर्गर बांधून दे.”

२

लाल कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना मुल्गाची खुरटी झुडपं. पहिल्या तासात समोरून एकच गाडी आली. क्लेमने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, समोरच्यानेही उचललं. इथे न ओळखणाऱ्यालाही बोट दाखवल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

“लॉर, एक बोलू?” क्लेम म्हणाला.

“नको.”

“तो थकला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याची रस्ते सपाट करायच्या ग्रेडरवरची नोकरी गेली, तेव्हापासून मी बघत होतो. पुरुष माणूस बोलत नाही.”

“तू तर गेले दोन तास बोलतोयस.”

“मी त्याला माफ केलंय, एवढंच सांगायचंय. तूही कर. सुटशील.”

“तुला सोडून नाही गेला तो. माफ करायला तुझं काय जातं?”

त्याने नजर रस्त्याकडे वळवली. मला बरं वाटलं नाही, पण राग उतरलाही नाही. खरं म्हणजे क्लेमवर माझा राग नव्हता. तो वाट्याला येईल त्याच्यावर निघत होता, चार महिने. बँकेतल्या पोरीवर, फुलं पाठवणाऱ्यांवर, सार्जंट मारिचवर.

मारिचवर जास्त. शोध त्याच्या हाताखाली झाला होता. नेव्हिल सापडला त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात टोपी मांडीवर ठेवून तो म्हणाला होता, “आम्ही अगदी जवळ पोचलो होतो. दुसऱ्या दुपारी आमच्या पोरांनी त्यांची हाक ऐकली. कुई दिली त्यांनी. आम्ही लगेच ओ दिली.”

कुई आमच्याकडे चार वर्षांच्या पोरालाही येते. पहिला स्वर खाली धरून लांबवायचा, दुसरा एकदम वर फेकायचा : कूऽऽऽई! झुडपांच्या रानात ती दीड मैल जाते. वाट चुकलेल्याने ती द्यायची आणि ऐकणाऱ्याने, तो कोणीही असो, तशीच ओ द्यायची. ओ न देता निघून जाणं म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर पाय देणं. असं कोणी करत नाही.

पण दोन आठवड्यांनी डॉक्टरांचा अहवाल आला. नेव्हिल पहिल्याच संध्याकाळी गेला होता. मी मारिचला फोन केला. “दुसऱ्या दुपारी माझा मेलेला नवरा हाका मारत होता का?” तो म्हणाला, उन्हात वेळेचा अंदाज चुकतो, डॉक्टरांचाही. मी म्हणाले, तुमच्या लोकांचे कान चुकतात, तुमचे डॉक्टर चुकतात, फक्त ‘स्वेच्छेने’ हा शब्द तेवढा चुकत नाही. आणि फोन आपटला.

३

हॅलोरन्सला एके काळी सहा हजार माणसं होती. सोनं संपलं तशी ती पत्र्यांसकट निघून गेली. उरला आहे तो उंटांचा तांडा वळेल इतका रुंद रस्ता, एका बँकेची तिजोरीची खोली, आणि जुन्या हॉटेलची दर्शनी भिंत. भिंतीला दोन मजल्यांच्या खिडक्या आहेत, मागे काही नाही. खिडक्यांतून आभाळ दिसतं. त्यापलीकडे पूर्वेला खाणींतून उपसलेल्या मातीचे पांढरे ढीग, शेकड्यांनी, आणि ढिगांच्या मध्ये विहिरीसारखी उघडी भोकं.

पिकअप हॉटेलसमोर उभी होती. नीट, रस्त्याला समांतर. नेव्हिल रिकाम्या गावातही नीट गाडी लावायचा.

दोन्ही काचा खाली होत्या.

“पोलिसांनी केल्या असतील,” क्लेम म्हणाला.

“अहवालात फोटो आहे. पहिल्या दिवशीचा. तेव्हाही खालीच होत्या.”

“मग वारा घ्यायला केल्या असतील.”

मी आत बघितलं. सीटवर बोटभर लाल धूळ. किल्ली पोलिसांनी दिली होती, ती माझ्या खिशात होती. नेव्हिलच्या गाडीचा एसी चांगला होता, आमच्या घरातल्यापेक्षा चांगला. नोव्हेंबरात इथे पंचेचाळीस डिग्री असतात आणि माशा डोळ्यांच्या कोपऱ्यात शिरतात. काच चार बोटं खाली केली तरी तो कुरकुर करायचा. 

“इंजिन बंद करून, एसी बंद करून, दोन्ही काचा खाली,” मी म्हणाले. “माणूस असं कधी करतो क्लेम?”

“कधी?”

“काहीतरी ऐकायचं असतं तेव्हा.”

“इथं? काय, माशा?”

तो बॉनेट उघडून बॅटरी बसवायला लागला. मी मागचा पाण्याचा कॅन ओढून घेतला. भरलेला होता. झाकणाचं सीलही शाबूत. मला त्या कॅनचा इतका संताप आला की मी सील तोडलं, कॅन मांडीवर तिरका केला आणि तोंड लावलं. कोमट, प्लास्टिकच्या वासाचं पाणी. हे त्याने प्यायला हवं होतं. दोन घोट प्यायला असता तर मला इथे यावं लागलं नसतं.

४

कूऽऽऽई!

पूर्वेकडून आली, भिंतीच्या मागून, ढिगांच्या पलीकडून. लांब, पण स्वच्छ. पुरुषाचा आवाज.

माझं तोंड पाण्याने भरलेलं होतं, म्हणून मी ओ दिली नाही. एवढंच. त्यात माझी हुशारी काही नाही.

क्लेमने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं, तोंडाभोवती हात धरले आणि मनात काही विचार यायच्या आत ओ दिली. आमच्यापैकी कोणीही दिली असती. त्याची ओ भिंतीच्या खिडक्यांतून पलीकडे गेली. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा हाक.

“कोणीतरी अडकलंय,” तो पान्हा खाली ठेवत म्हणाला.

“त्याची गाडी कुठंय?”

“पलीकडून आला असेल.”

“पलीकडे दोनशे किलोमीटर काही नाही.”

“मग तर जायलाच हवं ना गं!”

“जीप घेऊन जाऊ.”

“त्या भोकांतून? आपल्यालाच काढायला माणसं लागतील.” त्याने टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली.

“क्लेम, गाडी सोडायची नाही.”

“तो नियम हरवलेल्याला. आपण कुठं हरवलोय?” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. “हे बघ. तो पहिला ढीग आहे ना, त्याच्यावर चढतो. दोनशे पावलं. तिथून बघतो आणि येतो. तुला दिसत राहीन. तुला काही वाटलं तर तीनदा हॉर्न वाजव, मी परत. माणूस हाका मारतोय आणि आपण बर्गर खात बसलो, हे यव्हॉनला जाऊन सांगायचंय का तुला?”

मला सांगायचं नव्हतं. मी दार उघडून पिकअपमध्ये बसले. “बॅटरी?”

“झाली. चालू करून बघ.”

किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. चार महिने धुळीत उभी राहून पहिल्या झटक्यात. हिला सोडून गेला, माझ्या मनात आलं. क्लेमने अंगठा दाखवला आणि निघाला. मी इंजिन बंद केलं. का केलं ते नंतर कळलं. मलाही ऐकायचं होतं.

५

क्लेम ढिगावर चढला. तो मला भिंतीतल्या तळमजल्याच्या दारातून दिसत होता, चौकटीत बसवल्यासारखा. पंचविशीतल्यासारखा कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. हाक आली. त्याने ओ दिली. हाक आली. त्याने ओ दिली आणि हात हलवला.

“दिसला का?” मी ओरडले.

त्याने ‘थांब’ अशी खूण केली.

मी हातातल्या घड्याळाकडे बघत होते. कारण नव्हतं, हाताला काही काम हवं होतं. दोन हाकांमध्ये दीड मिनिट गेलं. पुढच्या दोनांमध्ये दीड मिनिट. त्याच्या पुढच्याही दोनांमध्ये. तहानेने सुकलेला, घाबरलेला माणूस घड्याळ लावून हाका मारत नाही. तो सलग मारत सुटतो, मग रडतो, मग गप्प होतो. हे मला नेव्हिलने सांगितलं होतं.

आणि प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा जवळून येत होती.

वारा असेल, मी स्वतःशी म्हणाले. ढिगांवरून आवाज उलटत असेल. पण वारा नव्हता. मुल्गाचं पान हलत नव्हतं. मग नेव्हिलचा पाठ डोक्यात आपोआप सुरू झाला, पोरांच्या घोळक्यासमोर तो म्हणायचा तसाच : हरवलेला जागचा हलत नाही. शोधणारा हलतो. शंभर पावलं चालायचं, थांबायचं, हाक द्यायची, ऐकायचं. पुन्हा शंभर पावलं. ओ आली की तिकडे वळायचं.

दीड मिनिट. शंभर पावलं.

पलीकडचा माणूस हरवलेला नव्हता. तो शोधत होता. आणि इथे ओ कोणी दिली होती? 

मी तीनदा हॉर्न वाजवला.

क्लेमने मागे बघितलं नाही. तो पूर्वेकडे बघत होता आणि त्याचे हात खाली आले होते. मग ढिगांच्या मधल्या पांढऱ्या झळांमध्ये मला ते दिसले.

मी नेव्हिलबरोबर दोनदा शोधाच्या रांगेत चालले आहे, म्हणून मी ओळखलं. पसरलेल्या हातांना हात टेकतील एवढं अंतर ठेवून माणसं एका ओळीत चालतात. माना खाली, कारण जमीन बघायची असते. एक थांबला की सगळे थांबतात. तशी रांग येत होती. वीस असतील, तीसही असतील, झळांमध्ये टोक लागत नव्हतं. कपडे दिसत नव्हते, चेहरे तर नाहीच. भोकं त्यांच्या वाटेत होती आणि रांग कुठेही वाकत नव्हती. तिच्यात एके ठिकाणी जागा सुटलेली होती. एका माणसाची. अख्खी रांग चालत होती तरी ती जागा तेवढीच राहत होती, कोणीतरी मुद्दाम राखल्यासारखी.

सुटलेल्या जागेच्या शेजारचा माणूस डावा पाय किंचित ओढत चालत होता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर चालतात तसा.

क्लेम ढिगाच्या पलीकडच्या अंगाने उतरला. घाईने नव्हे. बसस्टॉपवर आपली बस आल्यावर माणूस जातो तसा. मी हॉर्नवर हात दाबून धरला, तो दाबलेलाच ठेवला, त्याच्या नावाने ओरडले. तो रांगेपर्यंत गेला, सुटलेल्या जागेत वळून उभा राहिला आणि त्याने मान खाली घातली.

हात हॉर्नवरून कधी निघाला कळलं नाही. सगळं एकदम शांत झालं. रांग थांबली होती. सगळ्या माना वर झाल्या. आणि मला दिसलं की रांगेत पुन्हा एक जागा सुटली आहे. पाय ओढणाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला.

त्यानेच हाक दिली.

आमच्या घरामागे नेव्हिलची शेड आहे. चहा हवा असला की तो तिथूनच कुई द्यायचा, तीस वर्षं, आणि वरच्या स्वराला त्याचा आवाज दरवेळी फाटायचा. मी खिडकीतून ओ द्यायचे. शेजारी हसायचे. तीच हाक. फाटण्यासकट. ती ऐकताच माझी छाती भरली, जबडा उघडला, ओ जिभेवर आली. अंगाला सवय असते. अंगाला तो मेलाय हे माहीत नसतं.

मला रागाने वाचवलं.

मला बोलावतोस? मी म्हणाले. काचा अजून खालीच होत्या, त्या मी दोन्ही हातांनी गरागरा वर फिरवत होते आणि बोलत होते. आता बोलावतोस? जाताना एक शब्द टाकला नाहीस. पाणी ठेवून गेलास. मी तीन दिवस त्या फोनपाशी बसले, तुझा मोबाइल रिचार्ज केला की नाही या विचाराने, मूर्खासारखी. अहवाल वाचायला मला ठेवलंस. कुजबुज ऐकायला मला ठेवलंस. भावाला नेलंस. आणि आता हाक मारून मला बोलावतोस, चहा मागितल्यासारखा? नाही. नाही देणार. मी घसा फाटेपर्यंत ओरडत होते, पण ओ देत नव्हते. त्या दोन गोष्टींमध्ये फरक आहे, आणि तो त्या वेळी मला पक्का माहीत होता.

दीड मिनिटाने पुन्हा हाक आली. काचेतूनही ऐकू आली. रांग चालायला लागली होती. या वेळी भिंतीच्या दिशेने.

मी किल्ली फिरवली आणि गाडी मागे घेतली. क्लेमची जीप तिथेच उभी राहिली. आमच्या मुलखात माणसाला असं टाकून कोणी जात नाही. मी गेले.

६

पंपावर पोचले तेव्हा दोनही वाजले नव्हते. यव्हॉन दारातच उभी होती. पिकअप बघून हसली, मग मागे जीप नाही हे तिच्या लक्षात आलं.

“तो कुठंय?”

मी मागच्या रस्त्याकडे हात केला.

“लॉरेल. त्याला कुठं सोडलंस?”

तिने पोलिसांना फोन केला. फळ्यावर क्लेमचं आणि माझं नाव होतं, तिने माझं पुसलं.

क्लेम चौथ्या दिवशी सापडला. हॅलोरन्सच्या पूर्वेला सात किलोमीटरवर, पालथा. बाटलीत पाणी अर्धं होतं. जीपला काही झालेलं नव्हतं. मारिच पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला, टोपी मांडीवर. मी त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं होतं आणि कागदावर ‘उष्णतेचा परिणाम’ असं लिहिलं होतं. या वेळी मी भांडले नाही.

“भावाच्या जाण्याने ते खचले असणार,” तो म्हणाला. “दोघं भाऊ, एकाच जागी.”

“तेही स्वेच्छेने का?”

तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, “आम्ही कमी नाही पडलो हो, लॉरेल. तिसऱ्या दिवशी तर आमच्या लोकांनी त्यांची हाक ऐकली. अगदी स्पष्ट.”

मी हातातली किटली खाली ठेवली. “मग?”

“मग काय? ओ दिली.”

“कोणी?”

“सगळ्यांनीच,” तो म्हणाला. “अकरा जण होतो आम्ही. मीही दिली.”

त्याला मी चहा दिला. पिताना तो दोनदा खिडकीबाहेर बघून थांबला, कान देऊन.

आता मला माहीत आहे नेव्हिल का उतरला. तो मरायला गेला नव्हता. त्याने गाडी लावली, हाक ऐकली, खात्री करायला काचा खाली केल्या, आणि कोणीतरी अडचणीत आहे म्हणून पाणी घ्यायचंही भान न ठेवता धावला. मला सोडून जायचं त्याच्या मनातही नव्हतं. तीन वाजता परतायचं होतं त्याला, मटण खायला. तो चांगला माणूस होता आणि चांगल्या माणसाने जे करायला हवं ते करताना गेला. हे कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. चार महिने याच एका गोष्टीसाठी मी जळत होते.

पण गेल्या तीन आठवड्यांपासून दुपारी, ऊन टळटळीत असताना, घरामागच्या रेल्वेच्या पडीक जमिनीतून हाक येते. वरचा स्वर फाटतो. दीड मिनिटाने पुन्हा येते. आणि दर दुपारी माझा जबडा उघडतो.

म्हणून मला रागावून राहायला हवं. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने भांडते. सुरुवातीला पुष्कळ होतं. पर्थची चांगली नोकरी मला विचारल्याशिवाय नाकारली ती. माझ्या बहिणीच्या अंत्यविधीला उशिरा आला तो. पलंगावरचे ओले टॉवेल, न पाठवलेली पत्रं. एकेका दुपारला एकेक पुरवते. पण पर्थला आम्ही सुखी झालो नसतो हे मला ठाऊक आहे. बहिणीच्या वेळी त्याची गाडी खरंच बंद पडली होती. 

काल काही सुचेना. मग माझा पियानो त्याने परस्पर विकला होता त्यावरून भांडले. आजही तेच काढलं, दुसऱ्यांदा, आवाज चढवून, आणि हाक थांबेपर्यंत कसंबसं रेटलं.

खरं सांगायचं तर तो पियानो बेसूर होता. आणि मला वाजवताही येत नव्हता.